कबूल केलेलं वाक्य

कोथिंबिरीचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. शेजारच्या मळ्यातल्या मुलीनं आणि मी भाजीच्या जुड्या बांधता बांधता, व्यापाऱ्यांना कळू नये म्हणून, एक भाषा काढली होती. झालेल्या गोष्टीच्या क्रियापदाला मेथी जोडायची, होणाऱ्याला कोथिंबीर, आणि हंगाम बदलला की भाजीही बदलायची. असं व्याकरण की एखाद्या पंडितानं घाम पुसत गोदेत उडी घ्यावी. मग तिच्या वडिलांनी मळा विकला आणि बिऱ्हाड कळवणला निघालं. एसटी सुटताना खिडकीतून ती आमच्या भाषेत पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत पोचेल एवढं लांब वाक्य बोलली. त्यात शेपू होता, पालक होता, मला काडीचंही कळलं नाही. “समजलं ना रे?” तिचे डोळे भरलेले. “समजलं की, न समजायला काय झालं?” “मग कबूल?” “कबूल.” तिच्या शेजारच्या सीटवरची मावशी म्हणाली, “आता मागं फिरू नको हं, बाबा.” इतकी वर्षं विचारायची छाती झाली नाही. काल तिचा फोन आला, “ठरल्याप्रमाणे रविवारी येतेय, आईला सांगून ठेव.” मी आईला सांगितलंय आणि सकाळपासून घर झाडतोय, पाहुणी येतेय की सून, ते आईही विचारतेय.