मुडद्याशी बोलणारे डॉक्टर

बुलढाण्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाचे आमचे डॉक्टर जिवंत माणसाशी 'हं'पलीकडे बोलत नसत. शवागारात मात्र वहाणा बाहेर काढून शिरत आणि मुडद्याला म्हणत, "दादा, जरा तरास देतो तुमाले."

एकदा बाजाराच्या वाटेवर मरून पडलेल्या मजुराचं प्रेत आलं. सोबत आलेले गावकरी लिंबाखाली बसले होते, पण दारूनं मेला म्हणून खांदा द्यायला तयार नव्हते. त्याची आई शवागाराच्या दाराशी एकटीच बसली होती. डॉक्टरांनी यकृत कापलं, आत पुवानं भरलेलं गळू निघालं; तुकडा नागपूरला तपासायला पाठवण्यासाठी बाटलीत घातला. मग हात धुऊन बाहेर ओट्यावर आले, स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "दारू नाही. पोटातल्या जुन्या आवेनं अठी गळू झालं त्याले. मलेबी होईन, तुमालेबी होईन."

लिंबाखालची माणसं उठली, तिरडीचे बांबू बांधू लागली. डॉक्टर आत गेले आणि हळूच म्हणाले, "दादा, सांगतलं त्याईले."