यादीत राहिलेला दादा

आमच्या शेजारच्या साचेबुवांना एका जागी बसलेलं पाहायचं असेल, तर ते संगणकासमोर असतानाच पाहावं. एरवी पायाला भिंगरी. छापखान्यात पत्रांचे आणि पोस्टकार्डांचे साचे बांधायचं त्यांचं काम. मजकूर सगळ्यांना एकच; नाव, पत्ता आणि जिव्हाळ्याची एखादी ओळ मात्र ज्याची त्याला. दातांच्या डॉक्टरचं कार्ड गावभर जातं आणि प्रत्येकाला वाटतं, डॉक्टरांना माझीच दाढ आठवली!

साचा नीट बसला का, हे पाहायला ते यादीच्या डोक्यावर एक नमुना घालतात आणि छापण्याआधी काढून टाकतात. हा नमुना म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ. का, तर त्याच्याइतका लांबलचक पत्ता त्यांच्या ओळखीत दुसरा नाही. "दादा मावला की सगळे मावतात," असं म्हणायचे. कागदावर मावायचा; घरात मावत नव्हता. कधीकाळी पाहुण्यांसमोर दादा बोलून गेला होता, "हा पगार घेऊन गोड बोलतो, घरी तोंडाला कुलूप." तेव्हापासून दोघा भावांच्या बोलण्याला खरोखरच कुलूप लागलं.

तर मध्यंतरी लेकीने चष्म्याचं दुकान काढायचं ठरवलं. आमंत्रणाची कार्डं अर्थातच बापाने करायची. दादाला बोलवायचं नाही, हे बुवांनी आधीच जाहीर केलेलं. साचा बांधला, नमुन्यात दादाला बसवलं आणि जिव्हाळ्याच्या जागी मनात आलं ते खरडलं: 'तू नाही आलास तरी चालेल, वहिनीला तेवढं पाठव.' लांब ओळ कशी मोडते, एवढंच बघायचं होतं म्हणे! मग लेकीच्या कौतुकात नमुना काढायचा राहिला. कार्डं छापली, लेकीने उत्साहाने टपालात टाकली, आणि त्यानंतर बुवांनी यादी पुन्हा उघडली.

झालं! चप्पल घालायची, जिन्यापर्यंत जायचं, परत यायचं. फोन उचलायचा, शर्टाला पुसायचा, ठेवायचा. असे चार-पाच दिवस. शेवटी भाजी चिरता चिरता बायको म्हणाली, "अहो, बसा तरी नाहीतर जा तरी. मला गरगरायला लागलंय."

"काय सांगू त्याला? कार्ड चुकून आलं म्हणू?"

"म्हणजे बोलावून हाकलल्यासारखं."

"मग ये म्हणू?"

"म्हणा की. जीभ झडेल का?"

मी तिथेच होते. साखर मागायला गेले होते. ती मिळूनही बराच वेळ झाला होता. म्हटलं, "भावजी, मी करते फोन. सांगते, आमचे बुवा घाबरलेत."

"वहिनी, तुम्ही घरी जा हो!"

गेले नाही, हे सांगायला नकोच.

दारात उभी असलेली लेक हळूच म्हणाली, "बाबा, मला काका-काकू दोघंही हवे होते. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकी उघडली, लावली. तेवढ्यात फोन वाजला. दादाच! बायकोने झडप घालून स्पीकर चालू केला. माझीही सोय झाली.

"कार्ड मिळालं," दादा म्हणाला. "तुझी वहिनी साडीला इस्त्री करून बसलीय. पाठवतो तिला."

"आणि तू?"

"मी नाही आलो तरी चालेल, असं छापलंय इथे."

"ते छापखान्यात जरा..." बुवा अडले. आता चूक सांगितली की सुटका होती. लेक नखं खात होती. बुवा स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नाही चालणार."

पलीकडे खोकला.

"बरं. येतो."

"जरा लवकर ये. पाटी टांगायची आहे, मला शिडीवर भोवळ येते."

"ठाऊक आहे. मी चढतो. तू खाली शिडी धर, फक्त हलू नकोस म्हणजे झालं."