शटरचं दुसरं टोक

आमच्या फरसाणच्या दुकानाचं शटर एकट्याला उचलवत नाही. शेवटच्या सकाळीही एक टोक मी धरलं, दुसरं हिनं. वरच्या कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरत म्हणाली, "मेला रोज टकमक बघतो! उचला आता."

त्याच दुपारी ती गेली.

कार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा मुलाला म्हटलं, "कॅमेऱ्यातली तुझी आई दाखव रे."

"आप्पा, जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. पण धंदा वाढलाय, म्हणून मोठी जागा घेतलीय. आता सगळं क्लाउडवर राहील."

"कधीपासूनचं?"

"आजपासूनचं."

डोकंच फिरलं. क्लाउड म्हणजे ढग म्हणे. शेव कुणी कधी नेली ते वर्षानुवर्षं जपणार, आणि जिनं ती शेव पाडली तिला जागा नाही! पण माझं डोकं तरी कुठं धड आहे? तिचा आवाज कानात आहे, पदराचा रंग काही केल्या आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा शटर धरायला आला. म्हटलं, "तिच्या टोकाला हात लावू नकोस." एकट्यानंच ओढलं. अर्ध्यावर अडकलं. तसंच राहू दिलं. दिवसभर गिऱ्हाइकं वाकून आत आली.