सुरयाची अंडी आणि शुभदा

फोन आला तेव्हा मी शहागंजात भाजी घेत होते. अविनाशराव बोलत होते, शुभदाचे यजमान. "ताई, शुभदा गेली." मी म्हटलं, "पैठणला? मला न सांगता?" धरणाचं पाणी उतरायला लागलं की तिचा पाय घरात ठरत नसे, आणि ते दिवस तेच होते. अविनाशराव म्हणाले, "नाही हो. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं." आता काही आठवडे लोटलेत, तरी माझा तो प्रश्न अजून कानात घुमतो.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. काळ्या पोटाचा सुरय हा नदीकाठचा पक्षी फार थोडा उरलाय. पैठणच्या धरणामागच्या नाथसागराचं पाणी ओसरलं की मध्ये वाळूची बेटं उघडी पडतात, तिथं तो उघड्यावरच अंडी घालतो. त्यातली बरीच अंडी फुटतच नाहीत, पिल्लं बाहेर येत नाहीत. का फुटत नाहीत, शेतातल्या फवारणीचं औषध त्यात उतरतं का, हा तिचा प्रश्न. ऐकायला सुंदर वाटतं. प्रत्यक्षात तिची अर्धी ताकद वनखात्याच्या परवानगीमागं, होडीमागं आणि कोरड्या बर्फामागं, म्हणजे ड्राय आइसमागं, खर्च झाली. पक्ष्यानं सोडून दिलेलंच अंडं उचलायचं, ते गोठवायचं आणि गोठलेलंच हैदराबादच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. कुरिअरवाला "वन्यजीव" हा शब्द ऐकूनच हात वर करायचा. परवानगी कधी कधी इतकी उशिरा यायची की तोवर पिल्लं उडून गेलेली असत. "पक्ष्यांना कळवायला हवं, जरा दमानं घ्या म्हणून," असं म्हणून ती हसायची. पण त्या हसण्यातही थकवा असायचा.

एका वर्षी ती थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन स्वतःच रेल्वेनं निघाली. मी सोबत होते. जालना मागं पडलं आणि समोरच्या बाई किंचाळल्या, "अगं बाई, डब्यातून धूर निघायलाय!" कोरड्या बर्फाची वाफ होती ती. शुभदानं समजावलं, परवानगीपत्र दाखवलं. पण भीतीला कागद वाचता येत नाही. परभणीला पोलिसांनी आम्हाला उतरवलं. ते बिचारे सभ्य होते, चहाही दिला. पण डबा उघडा ठेवून ते साहेबांची वाट बघत राहिले, आणि बाहेर वैशाखाचं ऊन. "दादा, झाकण तेवढं लावू द्या हो," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. साहेब आले, त्यांनी माफीही मागितली. तोवर बर्फ उडून गेला होता आणि अंड्यांना वास सुटला होता. एक अख्खा हंगाम गेला. परतीच्या गाडीत ती रडली नाही. खिडकीला डोकं टेकवून एवढंच म्हणाली, "झोप येतेय गं."

पुढच्या वर्षी ती पुन्हा बेटावर गेली. होडी काठच्या गावातल्या दत्तूभाऊंची. धरणाचं पाणी हटलं की उघड्या गाळात पेरणारे, म्हणजे गाळपेर करणारेही तेच, आणि तिथं फवारणारेही तेच. पहिल्यांदा त्यांनी होडी द्यायला साफ नकार दिला होता. "तुमी पाखराच्या नावानं आमच्यावर खापर फोडनार. मंग गाळपेर बंद. आमी काय खावं?" शुभदानं वाद घातला नाही. म्हणाली, "जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन. मग बाकीच्यांना." त्यांनी होडी काढली.

त्या वेळचे नमुने धड पोचले, आणि अहवाल आला. औषध होतं अंड्यांत. मी म्हटलं, आधी वनखात्याला दे, मग शोधनिबंध लिही. ती म्हणाली, "शब्द दिलाय." आम्ही गावात गेलो. देवळाच्या पारावर दहा-बारा जण बसले होते. तिनं सोप्या भाषेत सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही, त्याचंच मला नवल वाटलं. दत्तूभाऊ म्हणाले, "म्याडम, हेच पानी आमी पितो. तुमच्या शहरात बी हेच जातंय. पाखराच्या अंड्यात उतरलं, तं आमच्या लेकरांत नाय का उतरलं?"

शुभदाला होय म्हणणं किती सोपं होतं. होय म्हटलं असतं तर सगळ्यांनी तिचं ऐकलंही असतं. ती म्हणाली, "ते मी तपासलेलं नाही, भाऊ. मला ठाऊक नाही. खोटं बोलून तुम्हाला भिववणार नाही." माणसं एकेक करून उठून गेली. पण दुसऱ्या दिवसापासून दत्तूभाऊंनी औषध कालवायची जागा पाण्यापासून वर, बांधापलीकडे नेली. मागून आणखी दोन घरांनी. बाकी काही बदललं नाही. खात्याकडं दिलेला अहवाल "विचाराधीन" राहिला. पाणी आणि माणसं तपासायचा नवा प्रस्ताव तिनं पाठवला होता; तो मंजूर होतो की नाही, हे कळायच्या आधीच ती गेली.

गेल्या आठवड्यात मी बेटावर जाऊन आले. कोणतंही संशोधन करायचं नव्हतं, ते माझ्यानं होणारही नाही. वनरक्षक सोबत होते, होडी दत्तूभाऊंचीच. सुरयाची अंडी वाळूच्याच रंगाची. नजर जरा हलली तर पायाखाली येतात. म्हणून शुभदा तिथं आधी बघायची, मग पाऊल टाकायची. ती सवय इतकी अंगात भिनली होती की शहरात, गारखेड्यातल्या स्वतःच्या गच्चीवरही ती तशीच चालायची, वाळत घातलेल्या पापडांमधून जावं तशी. आम्ही तिची थट्टा करायचो. मी बेटावर उतरले. ऊन चढलं होतं, दोन सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते. काही वेळानं मागून दत्तूभाऊ हळूच म्हणाले, "ताई, तुमी बी तसंच चालायलात की…"

मी मान वर केली नाही. पुढची वाळू नीट पाहिली, आणि मग पाऊल टाकलं.