बर्फ घालून बर्फ काढणारा पाटील

हिलाल पाटलाला कापसातलं सगळं कळायचं, त्यामुळे जगातलंही सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची ठाम समजूत होती. सारंगखेड्याची चांगली बागायत सोडून या गृहस्थानं १९३६ साली मुंबईहून बर्फाचं जुनं यंत्र आणलं आणि नंदुरबार स्टेशनाशेजारी कारखाना काढला. यंत्राच्या पितळी पाटीवर ‘५ टन’ असं कोरलेलं होतं. पाटलानं तेवढंच वाचलं आणि मिशीला पीळ दिला.

यंत्र चालवायला इद्रिस मिस्त्री आला. माणूस नंदुरबारचाच, पण बारा वर्षं सुरतेच्या बर्फखान्यात अमोनियाचा वास खाऊन परतलेला. हाताचा पक्का आणि तोंडाचा तिखट. समोर मूर्ख माणूस आला की त्याला हसू फुटायचं, आणि ते लपवण्याची तसदी तो घ्यायचा नाही.

चैत्रात यंत्रातून रोज सहासष्ट मण बर्फ निघायला लागला. पाटलानं आपला मालगाडीचा हिशेब मांडला: टनाला सत्तावीस मण, म्हणजे पाच टनांचे एकशे पस्तीस.

“इद्रिस, बाकीना बरफ कोठे गया?”

“पाटील, हाऊ टन मालगाडीना नही,” इद्रिस म्हणाला. “एक टन बरफनं पानी व्हवाले जितली गरमी लागस, तितली गरमी खेचानं हाई माप शे. असा पाच टन, चोवीस तासमा.”

त्यानं पुढेही समजावलं. हा टन अमेरिकेचा, दोन हजार पौंडांचा. मणात केला तर चोविसाच्या थोडा वर, म्हणजे पाचाचे एकशे एकवीस. तेही पाणी आधीच गोठणबिंदूला आलेलं असेल तर. इथं विहिरीचं पाणी अंघोळीला काढावं इतकं कोमट! यंत्राची पाव ताकद ते गार करण्यातच जाते, आणि पाव ताकद नळ्या अन् भिंती खातात. पण कुणाला सांगायचं? तराजूत जे बसत नाही ते पाटलाच्या डोक्यातही बसत नसे. एवढं मोठं पागोटं, आणि आत काय, तर डोंबल!

“तुन्ही बडबड ऱ्हाऊ दे. तू मन्हा बरफ इकी ऱ्हायना,” पाटील म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं, मिस्त्री बर्फचोर.

इद्रिसनं ते थुंकून टाकलं असतं. पण त्याच्या मुलीची, अख्तरबानोची, मंगनी ठरत आली होती. मुलाचा बाप जहीर, अत्तरांचा व्यापारी. त्यानं स्वच्छ निरोप धाडला: आधी नाव साफ करा, मग बोलू.

तेव्हा पाटलानंच तोड काढली. एक दिवस मी स्वतः यंत्रापाशी उभा राहतो, आणि चार प्रतिष्ठितांसमोर वजन होईल. इद्रिसनं आनंदानं मान डोलावली. जहीरलाही बोलावलं.

त्या दिवशी टाकीतल्या पाण्यानं बर्फाचे साचे भरायची वेळ आली आणि पाटलाला अक्कल सुचली.

“पानी गरम शे म्हनतस ना? मंग टाकीमा बरफ फोडी टाका!”

कालचा पंचवीस मण बर्फ! बर्फ करायला बर्फ! कामावरचा भटू तोंड उघडं टाकून इद्रिसकडे बघत राहिला. इद्रिसच्या ओठावर शब्द आला होता, पण तो त्यानं गिळला. टाकू दे या अडाण्याला. उद्या चार माणसांत याचं हसं होईल तेव्हा मजा. त्यानं स्वतःच्या हातानं पाटलाला हातोडा दिला.

दुसऱ्या दुपारी काट्यावर भरला एक्क्याण्णव मण.

“देखा!” पाटील गरजला. “मी हुबा ऱ्हायनू तं पंचवीस मण वाढना! इतला रोज चोरी जाये!”

“अहो, तो पंचवीस मण तुमीच टाकीमा टाकेल शे ना!” इद्रिस ओरडला. “वजा करा, सहासष्टच राहस!”

चौघांनी पाटलाकडे बघून माना डोलावल्या. विरघळलेला बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी कोण मोजतं? हे म्हणे प्रतिष्ठित! मेंढरं बरी.

पण मग जहीरनं हळूच विचारलं, “मिस्त्री, तुम तो वहीं खड़े थे. रोका क्यूं नहीं?”

इद्रिसकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. जहीरनं टोपी सारखी केली, पाटलाला सलाम केला आणि निघून गेला.

इद्रिस घरी आला तेव्हा अख्तरबानो ओट्यावरच वाट बघत होती.

“अब्बा, कितना निकला?”

“एकानवे मन.”

पोरीचा चेहरा एकदम उजळला. सहासष्टाचे एक्क्याण्णव! ती आत धावली आणि आईला हाक मारून सांगू लागली, “अम्मी, ज्यादा निकला! अब कोई कुछ नहीं बोलेगा!”