शंभराचा बल्ब

आमचे बाबा, प्रभाकरराव पोहाणे, यांनी वर्ध्याच्या एका आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनचा वर्ग शिकवला. निवृत्त होऊन नाचणगावला आले तेव्हा वाटलं, आता तरी थांबतील. कुठले थांबतात! कोणी गिझर आणला, कोणी चक्की टाकली, की हिशेब करून घ्यायला आमच्या ओट्यावर हजर. "व्होल्टले अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॉट. एवढीच बिजली आहे, बाकी सारी घाबरगुंडी," असं ते म्हणत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी हा माणूस मांडवामागे डीजेचे अँपिअर मोजत होता. आईनं हाताला धरून आणलं.

त्यांची शिस्त मात्र एकच. कोणी काहीही विचारलं की आधी उलट विचारायचं, "भार कोणता?" म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला काय लागणार आहे. ते कळल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. विद्यार्थी मागून त्यांना 'भारवाले सर' म्हणायचे.

मागच्या मार्गशीर्षात मी माहेरी आले होते. दुपारी ओट्यावर आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत होतो. शेजारचा चंद्रभान आला. त्याचा हरभरा रानडुकरांनी उकरला होता आणि गावात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

"सर, शंभराचा बल्ब मधात जोडला अन् पुढचा वायर जमिनीले टेकला, तं फ्यूज उडन का?"

बाबा खुलले. इतका नेमका प्रश्न त्यांना कितीतरी दिवसांत कोणी विचारला नव्हता.

"शंभर भागिले दोनशे तीस. अर्धा अँपिअरबी नाई. बल्ब पेटन, बाकी काई होत नाई."

चंद्रभान मान हलवून गेला. भार कोणता, हे बाबांनी विचारलं नाही. मीही तिथंच बसले होते. मला काय शेंगा दिसत होत्या फक्त?

नवव्या दिवशी नलू गेली. अनुसयाबाईंची ही एकुलती एक लेक, आमच्यापासून तिसऱ्या घरातली. पुलगावच्या बाजारात विकायला हरभऱ्याची भाजी खुडावी म्हणून सकाळीच निघाली. पाय अनवाणी, धुऱ्याच्या बांधावर दव. डुकरांसाठी चंद्रभाननं करंट सोडलेली कुंपणाची तार तिनं बाजूला करायला धरली. चंद्रभान पोचला तेव्हा त्याच्या शेतातल्या झोपडीत, त्या तारेच्या मधात जोडलेला बल्ब मिणमिणत होता.

पोलिसांनी चंद्रभानला नेलं. त्यानं गुन्हा कबूल केला, पण बाबांचं नाव घेतलं नाही.

बाबांनी त्या दुपारी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. ओलं अंग धरलं हजार ओहम. थंड बल्बचा रोध पन्नाससुद्धा नाही. करंट आला शून्य पूर्णांक दोन अँपिअरच्या आसपास.

"माणसाले याचा सातवा हिस्साबी लय होते, रक्षा. बल्बानं फ्यूज वाचवला. नलूले नाई."

"पण लगेच गेली असेल ना?"

"नाई. हात सुटत नाई अन् समजत राह्यते. दहा-पंधरा सेकंद. जास्तबी."

मी त्यांच्याशी भांडले. अनुसयाबाईंना काही सांगायचं नाही, म्हटलं. तुम्ही फ्यूजचं उत्तर दिलं, कुंपणाचं नाही. चंद्रभान गप्प आहे, तुम्हाला कसली खाज? बाबा एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं पोराईले एकच गोष्ट शिकवली, अन् मीच विचारलं नाई." तीन दिवस आम्ही बोललो नाही. तेरवी झाल्यावर ते सदरा घालून निघाले. मी चप्पल अडकवून मागे गेले.

अनुसयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाबा उभ्यानंच बोलले.

"हिशेब माह्या होता, बाई. पुढे काय आहे, हे मी विचारलं नाई. पोलिसाकडे चला म्हणसान तं येतो."

त्या शिव्या देतील, अंगावर धावून येतील, असं मला वाटलं. त्यांनी उलट विचारलं,

"तुमाले हिशेब येते ना सर? मंग एवढं सांगा. माही नलू किती वेळ तडफडली? मले रात-रात झोप नाई."

आकडा बाबांना माहीत होता आणि मलाही. 

"नाई तडफडली, बाई. एक सेकंदबी नाई. तिले समजलंच नाई."

अनुसयाबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर फुटलाच. नलू गेल्यापासून त्या पहिल्यांदा रडत होत्या.

बाबा स्वतःहून ठाण्यातही जाऊन आले. जबाब लिहून घेऊन त्यांना घरी पाठवलं. आता ते कोणाचा हिशेब करत नाहीत. कोणी आलंच तर "पुलगावले विचारजो," म्हणतात. मला त्यांचा राग येतो आणि जीवही तुटतो, आणि चंद्रभान विचारायला आला त्या दुपारी मीही गप्प बसले होते हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

अनुसयाबाई मात्र बाजाराच्या दिवशी ओट्याशी थांबतात. बसत नाहीत, पाणीही घेत नाहीत.

"सर, तेवढं अजून एकदा सांगा ना."

बाबा उठून उभे राहतात आणि सांगतात, "एक सेकंदबी नाई, बाई."