उद्धव मास्तरच्या दाराची कडी

डोणगावात उद्धवला लोक अजून ‘कडीवाला मास्तर’ म्हणतात आणि म्हणताना हसतात. मी हसत नाही. मी त्याच्या शेजारी राहतो, आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे, आणि बोर्डाच्या मराठी शाळेत तो चौथीला शिकवायचा तेव्हा मी तिसरीला शिकवायचो. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. हजेरी घेताना पोरगं ‘हजर’ म्हणालं तरी मी मान वर करून खात्री करतो. पण या प्रकरणात माझे बहुतेक संशय खरे निघाले, त्याला मी काय करू?

उद्धव उंच, थोडा वाकून चालणारा, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्याची एक सवय मला लहानपणापासून खटकायची. स्वतःच्या घरात शिरतानाही तो उंबऱ्याशी उभा राहून खाकरायचा. एकदा मी विचारलंच, “बे उद्ध्या, स्वतःच्या घरात काऊन खाकरतं पाव्हण्यासारखा?”

“आत कोन कसं बसलं असन, काय माहीत,” तो म्हणाला.

हे त्याला त्याच्या आईनं शिकवलं नव्हतं. तिला पाहून तो शिकला होता, पण उलटं.

रुक्मिणीबाई, म्हणजे उद्धवची आई, गावात देवभोळी म्हणून प्रसिद्ध. देवाचं सगळं करायची, खरं आहे. पण भोळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या घरात ती कोणाच्याही मागे, कधीही, पावलं न वाजवता येऊन उभी राहायची. पोरांच्या पेट्या उघडून बघायची, कोणाशी काय बोलणं झालं ते उलटून पालटून विचारायची. पोरांनी कुठला सदरा घालायचा, कोणाकडे जेवायचं, कोणाशी दोस्ती करायची, सगळं तीच ठरवायची. उद्धवचे वडील नीळकंठराव. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्या साली, म्हणजे एकोणीसशे तीनला, मेहकरच्या तहसिलीत कारकून लागले आणि कारकून म्हणूनच घरी बसले. साहेबापुढे जसे गप्प, तसेच बायकोपुढे. ओसरीवर बसून सुपारी कातरायची, एवढं एक खातं त्यांच्याकडे उरलं होतं.

त्यांचं घर लांबट. रस्त्याच्या अंगाला ओसरी, मग माजघर, माजघराच्या मागे एक खोली आणि तिच्याही मागे धान्याची अंधारी कोठी. कोठीच्या भिंतीपलीकडे परसू, विहीर आणि तुळस; तिकडे जायची वाट माजघरातून, घराच्या कडेच्या बोळानं. ओसरीच्या दाराला आतून लाकडी अडसर होता. आतल्या दारांना आतून काहीच नव्हतं, आणि आमच्याकडे कोणाच्याच घरी नसतं. आतल्या दाराला कडी असलीच तर ती बाहेरून, मांजर शिरू नये म्हणून.

त्या माजघरामागच्या खोलीत आधी थोरला इंद्रभान आणि त्याची बायको शकुंतला राहत होते. शकुंतला वरवट बकालची, हसरी पोरगी. तिनं वेणी घालायला घेतली की रुक्मिणीबाई दारात. नवरा-बायको दोन शब्द बोलायला बसले की रुक्मिणीबाईला सूप आठवायचं, आणि सूप त्याच खोलीत असायचं. उशीखाली काय ठेवलंस, कोणासाठी विणतेस, का हसलीस? एकदा तर शेजारच्या बायका बसलेल्या असताना त्या पोरीची ट्रंक उघडून एकेक कपडा झटकून दाखवला. शकुंतला नागपंचमीला माहेरी गेली ती परत आली नाही. गावानं लगेच निकाल लावला की पोरीतच काहीतरी खोट होती. इंद्रभाननं खामगावला कापसाच्या जिनात नोकरी धरली. तो दिवाळीला येतो, जेवतो आणि जातो. खरं काय ते उद्धवला ठाऊक होतं, कारण तो माजघरात निजायचा.

म्हणून देऊळघाटच्या शैलजेशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं आईला सांगितलं, “माय, त्या खोलीले आतून कडी लागल. ती लागल्याबिगर मी तारीख काढू देनार नाही.”

रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “काऊन? चोर येतात का माह्या घरात?”

“चोर नाही येत.”

“मंग कोन येते?”

उद्धव गप्प बसला. तिथे तो चुकला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तेव्हाच बोलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

बाजाराच्या कोपऱ्यावर अब्दुल गनी मिस्त्रीचं सुतारकामाचं दुकान होतं. उद्धवनं त्याला कडी-कोयंडा बसवायला सांगितलं. ज्या दिवशी गनी यायचा होता त्याच दिवशी बुलढाण्याहून डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले, त्यामुळे आम्ही दोघंही अडकलो. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर कडी बसलेली. चांगली जाड, लोखंडी, नवीकोरी. पण बाहेरून.

उद्धव पांढराफटक पडला. आम्ही तसेच गनीच्या दुकानात गेलो. गनी रंधा ठेवून म्हणाला, “मास्तर, आतल्या खोलीले भायेरूनच लावतात ना? जिंदगीभर तसीच लावून राह्यलो. तरी म्या मायबाईले इच्यारलं. तिनंबी तेच सांगतलं.”

“काय सांगतलं?”

“म्हने, जसी रीत हाये तसी लाव.”

गनीचा दोष नव्हता. पण रुक्मिणीबाईला ‘आतून’ म्हणजे काय हे कळत नव्हतं, असं कोणी मला सांगू नये. त्या कडीनं ती लेक-सुनेला आत कोंडू शकली असती. उद्धवनं कडी गनीकडून दुसऱ्या दिवशी काढून घेतली आणि समोर उभं राहून आतल्या बाजूनं बसवून घेतली. रुक्मिणीबाई माजघरातून बघत होती. काही बोलली नाही. ती बोलत नसली की मला जास्त धास्ती वाटायची.

ती देवळात बोलली. बायकांमध्ये बसून एवढंच म्हणाली, “माह्या उद्धवले काय झालं, समजत नाही. आतून कडी पाह्यजे म्हनते.” आणि पदरानं डोळे टिपले. बाकीचं काम गावानं केलं. कोणी म्हणालं मास्तर चोरून दारू पितो, कोणी म्हणालं त्याला झटके येतात आणि ते सुनेनं कोणाला सांगू नये म्हणून बंदोबस्त चाललाय. बातमी देऊळघाटला पोचायला वेळ लागला नाही.

शैलजेचे वडील आले. ते आधी माझ्या ओसरीवर चढले. मी पाणी दिलं तर पेल्याकडेही संशयानं बघितलं. मग हळूच विचारलं, “गुरुजी, खरं सांगा. पोराले फेफरं येते का?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “फेफरं गावाले आलं हाये, त्याले नाही. चला, त्यालेच विचारा.”

उद्धवच्या ओसरीवर नीळकंठराव सुपारी कातरत होते. उद्धव समोर बसला. माजघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि त्यामागून बांगड्या वाजल्या. म्हणजे रुक्मिणीबाई तिथेच होती. शैलजेच्या वडलांनी सरळ विचारलं, “मास्तर, ही कडी कायले? पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये. मले खरं काय ते समजलं पाह्यजे. नाहीतर इथूनच रामराम.”

उद्धव खाकरला. त्याची मान लाल झाली होती. खरं सांगावं तर आईची अब्रू पाव्हण्यासमोर जाणार. न सांगावं तर लग्न मोडणार, आणि सगळं गाव पुन्हा पोरीकडेच बोट दाखवणार. मला त्याची फार कीव आली.

“माह्या वहिनीचं काही चुकलं नव्हतं,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, पण दारामागे पोचावा इतका. “या घरात कोनीबी न विचारता आत येते. तिले बसू देलं नाही, निजू देलं नाही, दादासंग बोलू देलं नाही. म्या सगळं पाह्यलं आन गप बसलो. तुमच्या पोरीसंग तसं होऊ नये म्हनून कडी. दुसरं काही नाही.”

आतल्या बांगड्या थांबल्या. नीळकंठरावांचा अडकित्ता हातातच राहिला. शैलजेच्या वडलांनी त्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग उठून म्हणाले, “कडी राहू द्या. तारीख काढा.”

मला वाटलं, संपलं. पण माझ्यातला संशयी माणूस म्हणाला, थांब जरा.

आठवडा गेला नसेल, रुक्मिणीबाईनं कोठीतलं धान्य काढून माजघरात आणलं, कोठी सारवली, आणि माजघरातला देव्हारा उचलून कोठीत नेला. कारण काय, तर लग्नघरात पाव्हण्यांची वर्दळ असते, देवाला विटाळ नको. बायका म्हणाल्या, बघा बाई किती श्रद्धा! मी घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि कपाळावर हात मारला. कोठीला दार एकच, उद्धवच्या खोलीतून. म्हणजे पहाटे काकडा, सकाळी पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी दिवा, सगळं लेक-सुनेच्या खोलीतून. आणि आतून कडी लावली तर? तर आईला देवापासून अडवणारा लेक म्हणून त्याच्या तोंडावर गाव थुंकलं असतं.

उद्धव त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन नुसता बसला. चहाही घेतला नाही. मग एकदम उठला आणि गनीला बोलवायला गेला.

दुसऱ्या दिवशी गनी आणि त्याचा माणूस परसाकडून कोठीची मातीची भिंत फोडायला लागले. तिथे नवं दार बसवायचं, आणि खोलीतून कोठीत जायचं जुनं दार लिंपून टाकायचं. आवाज ऐकून रुक्मिणीबाई धावत आली.

“हे काय करून राह्यला बे?”

“माय, तुले देवाले जायाले दार करून राह्यलो. परसातून. तुळशीपासून चार पावलं.”

“मले भायेरून जायाले लावतं? माह्याच घरात? थंडीवाऱ्यात?”

“हाव. नाहीतर देव माजघरात परत आन. तू ठरव. पन माह्या खोलीतून वाट नाही.”

“म्या तुले नऊ महिने पोटात ठेवलं, तवा नाही वाजवलं दार!”

“आता वाजवत जा, माय.”

“कोन्या मायनं लेकाचं दार वाजवलं, सांग मले! कोन्या गावात?” तिचा आवाज फाटला. मी दोन परसांमधल्या भिंतीवरून बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला ती बाई घाबरलेली दिसली. उद्धव जागचा हलला नाही.

तेवढ्यात नीळकंठराव ओसरीवरून उठून परसात आले. ते कधीच येत नसत. फोडलेल्या भिंतीकडे बघून ते गनीला म्हणाले, “वर छपरी टाक. ऊन लागन तिले.” आणि परत ओसरीवर जाऊन बसले.

लग्न झालं. इंद्रभान खामगावहून आला. वरात घरी आल्यावर तो त्या खोलीच्या दाराशी एकटाच उभा होता. त्यानं कडी लावून बघितली, काढून बघितली आणि मग विहिरीजवळ जाऊन बसला. जेवायला बोलावलं तरी उठला नाही.

शैलजा घरात रुळली. रुक्मिणीबाई परसातून देवाला जाऊ लागली. खोलीच्या दारावरून जाताना मात्र तिची पावलं मंद व्हायची. असं शैलजेनं आमच्या घरी सांगितलं, आणि मी म्हणालो, लक्ष ठेवा.

मग एका रविवारी दुपारी उद्धवनं मला भिंतीवरून हाक मारली. “लवकर ये. माय आमच्या खोलीत गेली आन तिनं आतून कडी लावली.”

मी गेलो. शैलजा विहिरीवर धुणं धूत होती. माजघरात आम्ही दोघं उभे. आतून काही आवाज नाही. “शैलजेची ट्रंक पाहून राह्यली असन,” उद्धव कुजबुजला. मला त्याहून वाईट शंका येत होती, पण ती मी बोललो नाही. परसात ती बोलाचाली झाल्यापासून रुक्मिणीबाई कमी जेवत होती. उद्धवनं दाराला कान लावला. मग फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

ओसरीवरून नीळकंठराव म्हणाले, “निजली असन. राहू द्या तिले.”

“आतून कडी लावून, बाबा?”

“नऊ वर्सांची आली या घरात,” म्हातारा म्हणाला. सुपारी कातरणं चालूच होतं. “माह्या मायच्या पायथ्याशी निजायची. माय रात्री पायानं चाचपून पाहे, हाये का गेली म्हनून. मंग तुम्ही झाले. तिले कधी दार लावाले भेटलंच नाही.”

उद्धव ऐकत होता, पण त्याचा डोळा फटीवरच होता. शैलजा ओले हात पुसत आत आली, आणि नवऱ्याला तसा वाकलेला पाहून जागीच थांबली.

“हे काय करून राह्यले तुम्ही?” ती हळूच म्हणाली. “दार वाजवा ना.”

उद्धव सरळ झाला. त्याचं तोंड मला बघवेना. त्यानं खाकरून बोटांनी दार वाजवलं.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, झोपेनं जड झालेला. “कोन?”

“मी, माय. उद्धव.”

“काय काम हाये?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, शैलजेकडे पाहिलं. “काही नाही, माय.”

“मंग जा.”

आम्ही गेलो. दिवेलागणीपर्यंत दार उघडलं नाही, आणि त्या संध्याकाळी देवापुढे दिवा शैलजेनं परसातून जाऊन लावला.